पानाचा रंग कोणता?

झाडाचे पान कोणत्या रंगाचे असते, असे कोणी विचारले तर आपण क्षणाचाही विलंब न लावता ‘हिरव्या’ असे उत्तर देतो. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते डोळ्यांनी दिलेले नसते, पाठांतराने दिलेले असते. लहानपणी ‘पान हिरवे, फूल लाल’ हे एकदा मनात बसले, की पुढे जन्मभर पानाकडे निरखून पाहण्याची आपल्याला गरज वाटत नाही. जे ठाऊकच आहे, ते पाहायचे कशासाठी?

ही सवय मोडण्याचा एक स्वस्त उपाय आहे. जलरंगांच्या बारा वड्यांची साधी पेटी, एक कुंचला, वाटीभर पाणी आणि थोडा जाड कागद घेऊन बागेत बसावे आणि समोरच्या एकाच पानाचा रंग कागदावर उतरवण्याचा प्रयत्न करावा. चित्र सुंदर यावे, अशी अपेक्षा त्यात मुळीच नाही. रंग पाहायला शिकणे हेही वाचायला शिकण्यासारखेच एक शिक्षण आहे. ते कोणत्याही वयात सुरू करता येते आणि ज्यांचे आयुष्य हातांनी कष्ट करण्यात गेले त्यांना ते अधिक लवकर साधते, असे माझे मत आहे. हे मत मला घरात बसून सुचले नाही. त्याची सुरुवात घरापासून फार दूर, बंगालमधील बराकपूर येथे झाली.

माझ्या धाकट्या दिरांची नोकरीनिमित्त बराकपूरला बदली झाली होती. कोलकात्याच्या सियालदह स्थानकातून लोकल गाडीने उत्तरेकडे निघाले, की तासाभराच्या आत हे गाव येते. हुगळी नदीच्या पूर्व तीरावरील ही इंग्रजांची जुनी लष्करी छावणी. २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी येथेच बंडाचे शस्त्र उचलले, म्हणून गावाचे नाव आपणास इतिहासाच्या पुस्तकातून परिचित असते. नदीकाठी महात्मा गांधींच्या स्मरणार्थ बांधलेला गांधीघाट आहे. त्याचे उद्घाटन जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. घाटाला लागूनच बाग आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस एका सकाळी पुतणीची रंगपेटी घेऊन मी त्या बागेत जाऊन बसले. मी शाळेत असताना माझे एक चित्र वर्गासमोर उंच धरून सर्वांना हसवण्यात आले होते. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे मी कुंचल्याला हात लावला नव्हता. त्या दिवशीही आसपास कोणी नाही, याची खात्री करूनच पेटी उघडली.

समोर आंब्याचे झाड होते. मोहर भरात होता आणि काही फांद्यांच्या टोकांना नवी पालवी फुटली होती. पेटीतील हिरव्या वडीवर ओला कुंचला फिरवून मी कागदावर पान काढले. कागदावरचा तो हिरवा आणि झाडावरचा हिरवा यांचे काही नातेच जुळेना. वडीचा रंग थंड, निळसर होता. झाडावरचे पान उबदार दिसत होते. मी पिवळा मिसळला. रंग उजळला, पण कच्चाच राहिला. शेवटी चुकून तांबड्याचा एक कण मिसळला गेला, तेव्हा तो भडकपणा निवला आणि रंग पानाच्या पुष्कळ जवळ गेला. हिरव्या पानात तांबडा असेल, असे मला कोणी सांगितले असते तर मी ते खरे मानले नसते.

त्यानंतर मी पानांकडे खरोखर पाहू लागले. ज्या पानाच्या पाठीवर ऊन थेट पडले होते, तेथे हिरवेपणा जवळजवळ नव्हताच. पानाच्या गुळगुळीत त्वचेवर आकाशाचा पांढुरका निळा प्रकाश चकाकत होता. ज्या पानाच्या मागून ऊन येत होते, ते आतून दिवा लावावा तसे पोपटी झाले होते. गर्द सावलीतील पाने निळ्या-जांभळ्या अंधारात मिसळून गेली होती. नवी पालवी तर तांब्याच्या भांड्याच्या रंगाची होती. एकाच झाडावर किमान सात-आठ हिरवे होते आणि त्यांतील एकही माझ्या पेटीत तयार मिळत नव्हता.

मी हे करीत असताना बागेचा माळी पाण्याची झारी घेऊन माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग कागदावरील एका ठिपक्याकडे बोट दाखवून म्हणाला, “दिदि, हे पान ते नव्हे. तुम्ही काढलेले पान जुने आहे. समोरचे पान अजून कचि आहे.” ‘कचि’ म्हणजे कोवळे. बंगालीत कोवळ्या हिरव्यासाठी ‘कचि कलापाता’ असा शब्दप्रयोग आहे. कोवळ्या केळीच्या पानाचा तो रंग. पोपटी रंगाला बंगाली माणूस ‘टिये’ म्हणतो, म्हणजे पोपटच. शेवाळी रंगालाही तिकडे शेवाळाचेच नाव आहे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता सारखाच विचार केला, याची मला मोठी गंमत वाटली. पण त्याहूनही अधिक नवल त्या माळ्याचे वाटले. मी तासभर धडपडून जो फरक पकडू पाहत होते, तो त्याने उभ्या उभ्या सांगितला होता. पानाचे वय त्याला रंगावरून वाचता येत होते.

आपल्याला हे का दिसत नाही? आपला मेंदू फार काटकसरी आहे. सकाळचे पिवळसर ऊन, दुपारचा पांढरा प्रकाश, सावलीतील निळसर उजेड यांमुळे पानावरून डोळ्यात येणारा प्रकाश सतत बदलत असतो. परंतु वस्तू ओळखता यावी म्हणून मेंदू हा बदल वजा करून ‘पान हिरवेच आहे’ असा निर्वाळा देतो. रोजच्या व्यवहारात ही मोठी सोय आहे. ती नसती तर संध्याकाळी आपल्याला आपलेच घर ओळखू आले नसते. मात्र या सोयीमुळे प्रत्यक्ष समोर असलेला रंग झाकला जातो. तो उघडा करण्याची एक सोपी युक्ती आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याला वाटाण्याएवढे भोक पाडावे, एक डोळा मिटावा आणि त्या भोकातून पानाचा एवढासाच तुकडा पाहावा. आजूबाजूचे झाड नाहीसे झाले, की उरतो तो केवळ रंग. भोकाच्या कडेला आपण तयार केलेला रंग लावून पाहिला, की आपली चूक तत्काळ कळते. मी हा प्रयोग केला तेव्हा सावलीतील पानाचा जो रंग दिसला, त्याला मी एरवी खुशाल ‘राखाडी’ म्हटले असते.

बराकपूरला ही हकीगत घडावी, याला एक जुना संदर्भ आहे. गांधीघाटापासून जवळच असलेल्या विस्तीर्ण उद्यानाला तेथील लोक ‘लाटबागान’ म्हणतात; म्हणजे लाटसाहेबांची बाग. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांनी नदीकाठची ही जागा आपल्या विश्रांतीसाठी घेतली आणि १८०४ मध्ये तेथे पशुपक्ष्यांच्या अभ्यासाची एक संस्था सुरू केली. तिचे काम पाहणाऱ्या फ्रान्सिस बुकॅनन यांच्यासाठी हलुदर या बंगाली चित्रकाराने काढलेली प्राण्यांची चित्रे लंडनमध्ये आजही जपून ठेवलेली आहेत. पुढे १८५६ मध्ये लॉर्ड कॅनिंग गव्हर्नर जनरल होऊन आले. त्यांची पत्नी शार्लट कॅनिंग ही निष्णात जलरंगचित्रकार होती. बराकपूरची बाग तिने मोठ्या हौसेने नव्याने आखली, फुलवली आणि भारतभर जेथे जेथे प्रवास केला तेथील दृश्ये व वनस्पती रंगवल्या. तिची सुमारे साडेतीनशे जलरंगचित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८ नोव्हेंबर १८६१ रोजी हिवतापाने तिचे निधन झाले आणि तिला बराकपूरच्या त्याच बागेत, नदीकाठी पुरण्यात आले. बंगालमधील ‘लेडीकेनी’ या मिठाईचे नाव तिच्या नावावरूनच पडले, असे सांगतात. मराठी माणसाने ती मिठाई गुलाबजामाची बहीण समजून खावी.

लेडी कॅनिंग ही जाणकार चित्रकार होती, यात शंका नाही. परंतु तिच्या बागेचा विचार करताना एक गोष्ट मनाला टोचते. त्याच गावात, त्याच वर्षांत मंगल पांडे यांना फासावर चढवण्यात आले होते. ती बाग खोदणारे, शिंपणारे आणि रोज पहाटे वाळलेली पाने वेचणारे हात कोणाचे होते, हे आज सांगता येत नाही. बाग पाहणे आणि रंगवणे ही सवड असलेल्यांची करमणूक आहे, कष्टकऱ्याचा तिच्याशी काय संबंध, हा समज येथूनच दृढ होतो. या समजाला माझा विरोध आहे, कारण इतिहास तसे सांगत नाही.

बराकपूरच्या दक्षिणेला, नदीच्या पलीकडील तीरावर शिबपूरची वनस्पती बाग आहे. ती १७८७ मध्ये स्थापन झाली. १७९३ पासून तिची व्यवस्था पाहणाऱ्या विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक चित्रे काढून घेतली. त्यांच्यानंतरच्या नॅथॅनिएल वॉलिच यांच्या ग्रंथातील अनेक चित्रे विष्णुप्रसाद आणि गोराचाँद या दोघांची आहेत. हे चित्रकार सवड असलेले नव्हते. पगारी नोकर होते. दरबारी लघुचित्रांच्या परंपरेत घडलेल्या हातांनी त्यांनी विलायती कागद आणि पातळ जलरंग आत्मसात केले. एका पानाची वरची बाजू गडद आणि खालची फिकी का दिसते, देठाजवळ तांबूस छटा कोठपर्यंत चढते, हे टिपण्यासाठी त्यांना प्रत्येक वनस्पतीपुढे तासन्‌तास बसावे लागे. कापून आणलेले फूल पाण्यात ठेवले तरी दुपारपर्यंत त्याचा रंग उतरतो. त्यापूर्वी काम उरकावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातही असेच घडले आहे. पुण्याजवळ मुळा आणि पवना नद्यांच्या संगमाशी असलेल्या दापोडीला पूर्वी इंग्रज ‘दापुरी’ म्हणत. मुंबईच्या गव्हर्नराचा बंगला आणि वनस्पती बाग तेथे होती. अलेक्झांडर गिब्सन हे डॉक्टर या बागेचे प्रमुख असताना, १८४७ ते १८५० या काळात, एका चित्रकाराने तेथील वनस्पतींची दीडशेहून अधिक जलरंगचित्रे काढली. ती आज स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर एक ग्रंथ लिहिला. चित्रकार भारतीय-पोर्तुगीज वंशाचा होता, एवढेच कळते. त्याचे नाव उरलेले नाही. पुण्याजवळच्या मातीत उगवलेल्या फुलांचे रंग ज्याने इतक्या बारकाईने पाहिले, त्याला आपण हाक मारू शकत नाही, ही गोष्ट मला लेडी कॅनिंगच्या कबरीहून अधिक उदास करते.

रंगांच्या वड्यांमागेही कष्टकऱ्यांचे हात आहेत. हिरवा रंग पिवळा आणि निळा मिसळून करतात, हे आपण शिकतो. त्या काळच्या युरोपीय रंगपेटीतील ‘इंडियन यलो’ नावाचा तेजस्वी पिवळा रंग कोलकात्याहून जहाजाने जाई. त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये त्याचा शोध घेतला, तेव्हा बिहारमधील मुंगेरजवळच्या एका गावात गायींना आंब्याची पाने खाऊ घालून त्यांच्या मूत्रापासून हा रंग करतात, असे त्यांना आढळले. गायी त्यामुळे अशक्त होत. पुढे या वृत्तान्ताविषयी शंका घेतल्या गेल्या, पण अलीकडील रासायनिक तपासण्यांतून त्याला पुष्टी मिळाली आहे. निळ्या रंगासाठी लागणारी नीळ बंगालच्या शेतकऱ्यांकडून सक्तीने पिकवून घेतली जाई. १८५९-६० मध्ये त्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध मोठा उठाव केला. म्हणजे बागेतील हिरवा रंगवणाऱ्या पेटीत एकीकडे मुंगेरचे गोठे होते आणि दुसरीकडे बंगालची शेते.

तेव्हा रंग पाहण्याचे काम पूर्वीपासून श्रम करणाऱ्यांनीच अधिक केले आहे. आजही शेतकरी पिकाकडे पाहून जे ओळखतो, ते रंगाचेच वाचन असते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडू लागली तर नत्राची उणीव समजावी; कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर बहुधा लोहाची. भाताच्या पिकाला युरिया केव्हा द्यावा हे ठरवण्यासाठी शास्त्रज्ञांनी हिरव्या छटांची एक साधी पट्टी तयार केली आहे. तिला पर्णरंग तक्ता म्हणतात. शेतात उभे राहून पान त्या पट्टीवर ठेवायचे आणि छटा जुळवायची. युरियाचे पोते वाचवणारी ही पट्टी आणि माझ्या पुठ्ठ्याचे भोक यांत तत्त्वतः काहीच अंतर नाही.

आपली भाषाही याची साक्ष देते. अबोली, गुलबक्षी, जांभळा, डाळिंबी, अंजिरी, मोरपंखी, आमसुली, विटकरी ही नावे कोणा पंडिताने बसवलेली नाहीत. ती फुले तोडणाऱ्या, फळे विकणाऱ्या, लुगडी विणणाऱ्या आणि ती पारखून घेणाऱ्या माणसांनी दिली. ज्या स्त्रीला अक्षरओळख नव्हती, तिलाही डाळिंबी आणि किरमिजी यांतील भेद दुकानाच्या उंबऱ्यावरूनच कळे. आता दुकानांत ‘लाइट’ आणि ‘डार्क’ या दोन शब्दांवर सारा व्यवहार चालतो. शब्द गेले, की त्यांच्यामागून भेद ओळखणारी नजरही जाते. जलरंगाची पेटी हाती घेतली तर ही नावे पुन्हा उपयोगाला येतात. मी माझ्या वहीत प्रत्येक ठिपक्याखाली असे नाव लिहिते. जेथे नाव सापडत नाही तेथे ‘भिजलेल्या गवताचा’, ‘जुन्या पितळेचा’ असे काहीतरी लिहून ठेवते.

यावर आक्षेप येतात. पहिला असा, की हातात मोबाइल असताना रंगवत बसायचे कशाला? छायाचित्राला माझा विरोध नाही. पण कॅमेराही आपल्या मेंदूप्रमाणेच रंगांचा परस्पर समतोल साधतो आणि आपल्याला सोयीचे चित्र देतो. शिवाय छायाचित्र क्षणात निघते. पाहण्याचे काम आपण यंत्राकडे सोपवून मोकळे होतो. घाणेरीच्या गुच्छातील मधली फुले पिवळी आणि कडेची गुलाबी का, हा प्रश्न मला रंगवताना पडला. नव्या फुलांचा पिवळा रंग जुनी होताना बदलत जातो आणि कीटक पिवळ्या फुलांकडेच अधिक वळतात, हे मग वाचून कळले. बोगनवेलीचा रंग पाकळ्यांचा नसून रंगीत पानांचा आहे आणि खरे फूल आत लहानसे, पांढुरके असते, हेही कुंचला हातात असतानाच ध्यानात आले. बंगालमध्ये शरद ऋतूत फुलणारे स्थलपद्म सकाळी पांढरे असते आणि संध्याकाळपर्यंत गडद गुलाबी होते. त्याचे एक छायाचित्र काढणाऱ्याला ही गोष्ट कळण्याचे कारण नाही; दिवसभर त्याच्यासमोर तीन ठिपके रंगवणाऱ्याला ती कळते.

दुसरा आक्षेप, की चित्रकला हा लहान मुलांचा विषय आहे. हा आक्षेप अधिक घातक आहे. कारण तो प्रौढ माणूस स्वतःच स्वतःवर घेतो. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले आणि जे आता पुन्हा पुस्तक उघडत आहेत, त्यांना ही लाज नवी नाही. ‘या वयात आता?’ हा प्रश्न वहीला लागतो तसाच रंगपेटीलाही लागतो. उलट वयाचा येथे लाभच असतो. लहान मूल पेटीतील हिरवा आहे तसा लावून मोकळे होते. ज्याने पिकलेल्या आणि अर्धकच्च्या फळातील फरक पोटासाठी ओळखला आहे, भाजीच्या जुडीवरून तिची शिळी-ताजी पारख केली आहे, त्याच्याजवळ तुलना करण्याची सामग्री तयार असते. त्याला फक्त ती कागदावर आणावयाची असते.

बराकपूर सोडण्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्या बागेत गेले. माळीदादा आंब्याच्या आळ्यातील माती सैल करीत होते. मी त्यांच्यापुढे कुंचला धरला. त्यांनी आधी हात धोतराला पुसले, मग पेटीतील हिरव्या वडीला स्पर्शही न करता पिवळा घेतला, त्यात निळा अगदी बेताने उतरवला आणि कुंचल्याचे टोक तांबड्याला टेकवून घेतले. वहीच्या कोपऱ्यात त्यांनी एक ठिपका काढला. तो पालवीच्या शेजारी धरला तेव्हा दोहोंत भेद करणे कठीण होते. वाऱ्याने ठिपका वाळला आणि थोडा फिकटला; जलरंग वाळले की फिकटतातच. माळीदादांनी वही पुन्हा फांदीजवळ नेली, मान तिरकी करून पाहिले आणि म्हणाले, “आता हे परवाचे पान झाले.”